स्प्लेंडर घेऊन मुक्तिनाथ: १०० सीसीच्या गाडीवर नेपाळ कसं फिरायचं

माझी गाडी जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर आहे, बीएस-सिक्स (धुराचे नवे नियम) यायच्या आधीची. रोज तालुक्याला जायची, गॅसची टाकी आणायची, पोरीला क्लासला सोडायची तीच गाडी. तिच्यावर मी दोनदा नेपाळला जाऊन आलोय, एकदा नोव्हेंबरात, एकदा एप्रिलमध्ये, आणि दोन्ही वेळा मुक्तिनाथपर्यंत, म्हणजे तिकडं हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर असलेल्या देवस्थानापर्यंत. ही गोष्ट कुणाला सांगितली की पहिला प्रश्न एकच येतो, "स्प्लेंडर चढते का तिकडं?" चढते. पहिल्या गिअरमध्ये, रडत रडत, पण चढते. तिकडचे लोक तर असल्याच गाड्यांवर दोन माणसं आणि तांदळाचं पोतं घेऊन रोज चढतात, त्यांना कुणी विचारत नाही.

उलट पहिल्या ट्रिपला माझ्यासोबत एक मित्र होता मोठी टूरिंग गाडी घेऊन, सामानासकट सव्वादोनशे किलोच्या घरात. ती चिखलात आडवी झाली की आम्ही दोघं आणि वाटेनं जाणारा एखादा दाइ (नेपाळीत दादा), असे तिघं लागायचो उचलायला. माझी एकशेदहा-बारा किलोची, पडली की मी एकटा उचलायचो, मडगार्डवरचा चिखल पुसायचो, किक मारायचो. दोन दिवसांनी त्यानंच विचारलं, बदलायची का गाडी. तिकडं रस्ता खराब आहे आणि स्पीड कुणाचाच वीसच्या वर जात नाही, मग जास्तीची पॉवर वापरणार कुठं? वजन मात्र प्रत्येक खड्ड्यात लागतं.

तर आता नीट क्रमानं सांगतो.

कधी जायचं

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर अखेर, हा पहिला नंबर. आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा, डोंगर दिसतात. दुसरा नंबर मार्चचा शेवट ते एप्रिल, तेव्हा जरा धुरकट असतं पण थंडी कमी. जून ते सप्टेंबर जाऊच नका, हे मी घाबरवायला म्हणत नाही, जुलै २०२४ मध्ये नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड आली आणि दोन बसगाड्या माणसांसकट त्रिशुली नदीत गेल्या. दरडीला तिकडं पहिरो म्हणतात, हा शब्द पाठ करून ठेवा, पावसाळ्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येईल.

अजून एक, दसरा आपला एक दिवसाचा, त्यांचं दशैं पंधरा दिवस चालतं आणि त्यातले मधले चार-पाच दिवस गॅरेज, पंक्चरवाला, छोटी हॉटेलं सगळं बंद, सगळा देश गावी गेलेला असतो. नंतर तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. गाडी बंद पडायची असेल तर या दिवसांत पडू नये एवढंच. मी तिहार उरकल्यावर गेलो होतो, ते बरं पडलं.

गाडी बॉर्डरपर्यंत कशी न्यायची

महाराष्ट्रातून गोरखपूरपर्यंत चालवत जायची हौस असेल तर जावा, पण पंधराशे किलोमीटर हायवे स्प्लेंडरवर म्हणजे ट्रकच्या बाजूनं पन्नासच्या स्पीडनं तीन दिवस, त्यात मजा काही नाही आणि पार्श्वभागाची वाट लागते. मी दोन्ही वेळा रेल्वेनं टाकली. पुणे-गोरखपूर गाडी आहे, मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेस आहे. स्वतःचं तिकीट असेल तर त्याच गाडीत लगेज म्हणून जाते, नसेल तर पार्सल म्हणून, मग ती कधी पोचेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून लगेजच करा. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसला जाऊन विचारून या. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते, आणि बाहेर पॅकिंगवाली पोरं असतात ती गोणपाट आणि सुतळीनं बांधून देतात. आरसे आधीच काढून बॅगेत टाका, मी काढले नव्हते, एकाच आरशावर नेपाळ फिरलो. इंडिकेटरवर जादा पुठ्ठा गुंडाळायला सांगा.

गोरखपूरला उतरल्यावर बाटलीतनं लिटरभर पेट्रोल टाका (पंपापर्यंत ढकलत न्यायची नसेल तर), टायरची हवा बघा, आणि बॉर्डरवरच्या सुनौली गावाचा रस्ता धरा. शंभर किलोमीटरच्या आत आहे. दुपारी पोचलात तर अलीकडंच मुक्काम करा आणि सकाळी ताज्या डोक्यानं बॉर्डर पार करा.

बॉर्डरवरची कागदं

आपल्याला व्हिसा नाही. पासपोर्ट किंवा मतदान कार्ड, दोनपैकी एक ओरिजिनल. गाडीची आरसी ओरिजिनल, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी. आरसी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा, वाद टळतो.

पलीकडं गेल्या गेल्या भन्सार करायचा. भन्सार म्हणजे कस्टम. गाडी किती दिवस नेपाळात राहणार त्या हिशोबानं दिवसाची फी भरायची आणि पावती घ्यायची, सोबत यातायातचा (वाहतूक खात्याचा) परमिटही तिथंच होतो. इथं लोक चूक करतात ती दिवस मोजून घ्यायची. दहा दिवसांची ट्रिप असेल तर तेरा दिवसांचा भन्सार करा, रस्ता बंद पडला, गाडी बंद पडली, पोट बिघडलं, काही होऊ शकतं, आणि मुदत संपल्यावरचा दंड तीन दिवसांच्या जादा फीपेक्षा फार महाग पडतो. वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात. आणि पावतीवर तारीख विक्रम संवतातली असते, म्हणजे आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षं पुढची, महिने पण त्यांचे कार्तिक-मंसिर. तिथंच उभं राहून विचारा की आपल्या कॅलेंडरप्रमाणे शेवटचा दिवस कुठला, आणि पावतीच्या मागं पेननं लिहून ठेवा. एजंट मागं लागतील, गरज नाही, पाट्या सगळ्या देवनागरीत आहेत, आपल्याला वाचता येतात, एवढा फायदा आपल्याला आहे तर घ्या की.

इन्शुरन्सचं एक कुणी सांगत नाही. आपली नेहमीची पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळ, भूतान वगैरेसाठी जादा प्रीमियम भरून 'जिओग्राफिकल एक्स्टेंशन' जोडून मिळतं. निघायच्या आधी कंपनीला लेखी विचारा, थोडेसेच पैसे लागतात, आणि तिकडं कुणाला धडकलात तर फरक कळेल. धडकण्यावरून आठवलं, गाय तिकडं राष्ट्रीय प्राणी आहे, गाय मारली तर जेल आहे, तेव्हा तराईच्या (डोंगराखालच्या सपाट भागाच्या) सरळ रस्त्यावर गाय दिसली की चाळीसवरून वीसवर या.

पैशाचं सोपं आहे. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून तोच. दुकानदारानं भाव सांगितला की विचारा "आईसी की एनसी?", आईसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे त्यांचे. शंभराच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवरून कटकट होते. मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय तिकडच्या फोनपेच्या क्यूआरवर चालतं (हे नेपाळचं फोनपे, आपलं ते वेगळं), पोखऱ्यात मस्त चाललं, वर डोंगरात नेटच नव्हतं तर काय चालणार. म्हणून कॅश हवीच. सिम कार्ड नेपाल टेलिकॉमचं घ्या, डोंगरात तेच जास्त ठिकाणी लागतं. आणि घड्याळ १५ मिनिटं पुढं करा.

गाडीची तयारी, हा भाग घाईत वाचू नका

निघायच्या महिनाभर आधी कामं करून घ्या आणि मग गाडी दोनतीनशे किलोमीटर चालवून बघा, सामान बांधून, घाटात. आपल्याकडं वरंधा घाट आहे, आंबेनळी आहे, तिथं एक शनिवार-रविवार घालवा. नवीन टाकलेला पार्ट बिघडायचा असेल तर तो तिथंच बिघडू दे.

ब्रेक सगळ्यात आधी. ड्रम ब्रेक आहेत आपल्याला, दोन्ही चाकांना नवीन लायनर टाका, जुने बॅगेत ठेवू नका, त्याचा उपयोग नाही, नवीन मागचा एक सेट जादा ठेवा. उतारावर ड्रम ब्रेक तापतो आणि तापला की दाबून काही होत नाही, नुसता पॅडल खाली जातो. यावर उपाय गाडीत नाही, चालवण्यात आहे: ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला धरू द्या, ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा. वास आला की थांबा आणि चहा प्या. गरम ड्रमवर पाणी ओतायचं नाही, आमच्या मित्रानं ओतलं होतं, चर्रर आवाज आला तो अजून आठवतो.

चेन आणि स्प्रॉकेट. मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दाते मोठं मिळालं तर बसवा, टॉप स्पीड कमी होतो पण चढाला गाडीत जीव येतो. चेन एखादी कडी वाढवायला लागेल, मेकॅनिकला आधी सांगा. चेनला रोज संध्याकाळी तेल, चिखल असेल तर आधी फडक्यानं पुसून. नव्वद नंबरचं गिअर ऑइल छोट्या बाटलीत नेलं तरी चालतं, फॅन्सी स्प्रे लागत नाही.

टायर. गुळगुळीत झालेले असतील तर बदला, मागचा जरा खोल नक्षीचा घ्या. दोन ट्यूब (पुढची-मागची), पंक्चर किट, छोटा हातपंप, टायर काढायचे दोन लिव्हर. आणि नुसतं बाळगून उपयोग नाही, घरी अंगणात एकदा मागचं चाक स्वतः काढून, ट्यूब बदलून परत बसवा. पहिल्यांदा मला दीड तास लागला आणि बायको दारात उभी राहून हसत होती, पण तिकडं घासा नावाच्या गावाच्या अलीकडं पंक्चर झालं तेव्हा पस्तीस मिनिटांत झालं.

केबल: क्लचची नवीन केबल जुन्या केबलच्या शेजारनंच टाकून टेपनं बांधून ठेवा, टोकं प्लॅस्टिकनं झाकून. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी सोडायला लागत नाही. ॲक्सिलेटरची केबल बॅगेत. बाकी प्लग दोन, प्लगपाना, १०-१२-१४-१७ चे पाने, पक्कड, बाइंडिंग वायर, झिप टाय, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या (दोरीपेक्षा भारी), हेडलाइटचा बल्ब, फ्यूज, आणि एमसील. एमसीलला हसू नका, इंजिनच्या खालच्या बाजूला दगड लागून तडा गेला तर तेच गावापर्यंत पोचवतं. इंजिनखाली पत्र्याचं गार्ड वेल्डिंगवाल्याकडनं बनवून घ्या, गाडीची पोट-उंची कमी आहे, गार्ड नसेल तर प्रत्येक दगड काळजात लागतो.

आता उंची आणि कार्बोरेटर. दर हजार मीटरला इंजिनची साधारण दहा टक्के ताकद जाते असं धरा. मुक्तिनाथला हवा समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या आठ हॉर्सपॉवरची पाच उरली. हवा कमी झाली पण कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो, म्हणून गाडी भकभक करते, काळा धूर, प्लग काळा. करायचं एवढंच: एअर फिल्टर रोज झटकायचा, अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर हवेचा स्क्रू थोडा फिरवून मिश्रण पातळ करायचं (घरीच मेकॅनिककडनं कुठला स्क्रू, किती आटे, ते शिकून घ्या, किती फिरवला ते लिहून ठेवा), प्लग काढून ब्रशनं साफ. लोक सांगतात फिल्टर काढूनच टाक, मग हवा मिळते. अजिबात नको. वर जाताना लागणाऱ्या काली गण्डकी नदीच्या खोऱ्यातली धूळ पिठासारखी असते, ती थेट इंजिनात गेली तर पिस्टन-रिंगचं काम निघणार. खाली उतरताना स्क्रू परत जागेवर आणायचा, नाहीतर गाडी तापते. नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना हे काहीच करावं लागत नाही, ताकद मात्र त्यांचीही जाते.

सामान पंधरा किलोच्या आत. दोन छोट्या पिशव्या दोन्ही बाजूंना, जड वस्तू खाली आणि पुढं, उजव्या बाजूची पिशवी सायलेन्सरला टेकत नाही ना ते बघा, माझी स्लीपिंग बॅग वितळली त्यात. आणि मागं माणूस बसवायचा विचार असेल तर पोखऱ्यापर्यंत ठीक, वर नको. पोखऱ्याच्या पुढं बेनी गाव आहे, त्यानंतर मागच्या माणसाला अर्धा रस्ता चालायला लागतं आणि मग संसारात भांडणं होतात.

रस्ता, दिवसाच्या हिशोबानं

किलोमीटर विसरा, तास मोजा. सुनौली ते पोखरा १८० च्या आसपास, पोखरा ते मुक्तिनाथ पण तेवढंच. आपल्याला वाटतं दोन दिवसांत उरकेल. पोखऱ्याच्या पुढं मी ताशी १२ ते १५ धरतो, आणि दिवसाला सहा तासांच्या वर चालवत नाही.

पहिला दिवस सुनौली-भैरहवा-बुटवल-पाल्पा. लुंबिनी भैरहवाच्या बाजूलाच आहे, अर्धा दिवस काढून जाऊन या. बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा पट्टा लागतो, वरून दगड पडण्यासाठी बदनाम, तिथं बोगद्याचं काम काढलंय. या पट्ट्यात फोटोला थांबायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, सरळ निघायचं. संध्याकाळी पाल्पाच्या तानसेन गावात मुक्काम, गाव चढावर वसलंय, गल्ल्या दगडी, थंड हवा. हॉटेल घेताना गाडी आत लावता येते का ते आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी सिद्धार्थ राजमार्गानं स्याङ्जावरून पोखरा. वळणं एवढी आहेत की सरळ रस्ता विसरायला होतो, पण डांबर बरं आहे आणि लहान गाडीला हा रस्ता म्हणजे मेजवानी. टिपर आणि बस तेवढ्या सांभाळा.

तिसरा दिवस पोखऱ्यात थांबा. हा दिवस वाचवू नका. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परमिट इथं टुरिझम बोर्डाच्या ऑफिसात काढायचा, सार्क देशांच्या लोकांना इतर परदेशी लोकांपेक्षा फी बरीच कमी आहे, पासपोर्ट किंवा ओळखपत्र आणि फोटो न्या. वर गेल्यावर चेकपोस्टवर बघतात. दुपारी गाडी गॅरेजला लावून सगळे नटबोल्ट आवळून घ्या. मेकॅनिकला 'दाइ' म्हणा, हॉटेलवालीला 'दिदी', एवढ्यानं काम अर्धं होतं.

चौथा दिवस पोखरा-कुश्मा-बेनी-तातोपानी. बेनीपर्यंत साधारण ८० किलोमीटर. बेनीला टाकी फुल करा, वर पेट्रोल मिळतं पण पंप बंद असला की बाटलीतलं महाग पेट्रोल घ्यावं लागतं. आपल्या गाडीचं सुख असं की दहा-अकरा लिटरची टाकी आणि पन्नासच्या वर ॲव्हरेज, बेनी ते मुक्तिनाथ आणि परत एका टाकीत होतं. अख्ख्या ट्रिपला नेपाळात माझं पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल गेलं, मित्राचं विचारू नका.

बेनीच्या पुढं खरा खेळ चालू. खडी, चिखल, अरुंद रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली काली गण्डकी. काम चालू असल्यानं काही पट्टे झकास तर काही पट्टे असे की रस्ता कुठला आणि ओढा कुठला कळत नाही. निघायच्या आधी हॉटेलच्या दिदीला किंवा बसच्या ड्रायव्हरला विचारायचं, "बाटो खुला छ?" बाटो म्हणजे आपली वाट, सोपं आहे. काम चालू असलं की रस्ता काही तास बंद ठेवतात, ती वेळ कळली की उन्हात दोन तास उभं राहायला लागत नाही.

बस किंवा टिपर समोरून आला की डोंगराच्या बाजूला थांबायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही, आपली डावी बाजू दरीची असली तरी आधीच रुंद जागा बघून थांबा, कारण त्या काठाची माती भुसभुशीत असते. हॉर्न वळणाच्या आधी. चिखलात पाय खाली सोडून दोन्ही बाजूंनी मारत जायची लाज वाटू देऊ नका, आपली गाडी बुटकी आहे, पाय टेकतात, त्यासाठीच तर आणलीय.

तातोपानीला (१,१९० मीटर) गरम पाण्याचे कुंड आहेत, दिवसभराचा मणका तिथं मोकळा होतो.

पाचव्या दिवशी तातोपानी-घासा-कालोपानी-मार्फा. या पट्ट्यात रूप्से छहरा नावाचा धबधबा रस्त्याला लागूनच पडतो. असलं रस्त्यावर आलेलं पाणी पार करायचं कसं तर आधी उतरून चालत जाऊन बघायचं, निदान दुसरी गाडी जाताना बघायचं, ती कुठल्या रेषेनं गेली, पाणी कुठपर्यंत आलं. मग पहिला गिअर, ॲक्सिलेटर एकसारखा, मध्ये क्लच दाबायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर. बंद पडली तर किक मारत बसू नका, ढकलून बाहेर काढा, सायलेन्सरमधलं पाणी निघू द्या. बाहेर आल्यावर पाच-सहा वेळा हलके ब्रेक मारून ड्रम वाळवा, ओला ड्रम धरत नाही. बूट भिजणारच, म्हणून मोजे चार जोड.

घासानंतर झाडी बदलते, पाइन सुरू होतात, आणि मग खोरं रुंद होतं. एका बाजूला धौलागिरी (८,१६७ मीटर), दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा (८,०९१), आणि मधनं आपण स्प्लेंडरवर. मी तिथं गाडी बाजूला लावून चक्क बसून राहिलो होतो.

मार्फाला (२,६७० मीटर) मुक्काम. पांढरी घरं, दगडी गल्ली, सफरचंदाच्या बागा. थकाली लोकांचं गाव, म्हणजे जेवण उत्तम: डाळ, भात, गुन्द्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), फापरचं ढिंडो (कुट्टूच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा), आणि भात संपला की परत वाढतात. सफरचंदाची ब्रँडी पण मिळते, पण रात्री, गाडी आत लावल्यावर. दारू पिऊन चालवणाऱ्यांना नेपाळ पोलीस फार कडक पकडतात, त्या तपासणीला तिकडं मापसे म्हणतात. आणि उंचीवर दारू तशीही चांगली नाही.

वारा आणि उंची

सहाव्या दिवशी सकाळी सहाला उठून सातला निघायचं, कारण जोमसोमच्या खोऱ्यात दहा-अकरानंतर वारा सुटतो, रोज, न चुकता. तिथली विमानं पण त्यामुळं सकाळीच उडतात. हलकी गाडी वाऱ्यानं अक्षरशः एक हात बाजूला सरकते आणि रेतीचे फटके तोंडावर. हा वारा दक्षिणेकडून वर वाहतो, म्हणजे जाताना पाठीवर, येताना छातीवर, परतताना दुपारी मी सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. फुल व्हायझरचं हेल्मेट आणि तोंडाला रुमाल.

मार्फा-जोमसोम-कागबेनी-मुक्तिनाथ. जोमसोमच्या पुढं मुक्तिनाथचा रस्ता चांगला डांबरी आहे पण चढ सलग. कागबेनी २,८०० आणि रानीपौवा, म्हणजे मुक्तिनाथच्या पायथ्याचं गाव, ३,७१० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे दुपटीपेक्षा वर. गाडी पहिल्या-दुसऱ्यात, घाई नको, मध्ये दहा मिनिटं इंजिन गार होऊ द्या. गाडी गावात लावून मंदिरापर्यंत चालत जायचं, आणि चालताना दम लागेल तेव्हा कळेल की बिचाऱ्या गाडीचं काय होत होतं.

उंचीचा माझा हिशोब असा की मुक्तिनाथ बघायचं आणि झोपायला खाली कागबेनीला यायचं. पहिल्या वेळी मी पोखऱ्याहून (साधारण ८२० मीटर) घाईघाईत दोन दिवसांत वर जाऊन रानीपौव्यालाच झोपलो, रात्रभर डोकं ठणकत होतं आणि पहाटे उलटी. दुसऱ्या वेळी मार्फा आणि कागबेनी असं केलं, काही झालं नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत असेल तर आणखी वर जायचं नाही, आराम आणि पाणी, आणि कमी होत नसेल तर खाली. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र असो की काही, लगेच खाली, आणि स्वतः गाडी चालवून नाही, जीप करून. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर आधी डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

मुक्तिनाथला १०८ मुखांतून पाणी पडतं, बर्फासारखं, लोक त्याखालून पळत जातात. मी अकराव्याला थांबलो. बाजूला ज्वालामाईच्या देवळात जमिनीतून येणाऱ्या वायूची ज्योत तेवत असते. आणि खाली काली गण्डकीच्या पात्रात शाळिग्राम, तेच, आपल्या देवघरातले, तुळशीच्या लग्नातले. आईनं आणायला सांगितला होता, कागबेनीला एका म्हातारीकडनं घेतला. कागबेनीच्या उत्तरेला वरचं मुस्ताङ सुरू होतं, तिकडं वेगळा डॉलरमधला महाग परमिट लागतो, तेव्हा तिथनं मागं फिरायचं.

नोव्हेंबरात सकाळी गाडी चालू होत नाही. चोक ओढा, चावी न लावता सात-आठ किक मारा, मग चावी लावून मारा. रात्री गाडी भिंतीच्या आडोशाला, सीटवर पोतं. सेल्फवर बॅटरी मारू नका. हातांना लोकरीचे मोजे आणि वरून भांडी घासायचे रबरी मोजे, दिसायला कसंही दिसू दे, वारा आणि पाणी दोन्ही आत येत नाही.

परतताना

उतारावर जास्त अपघात होतात, कारण वाटतं झालं आता. कागबेनीहून सकाळी लवकर निघून वारा सुटायच्या आत मार्फाच्या खाली या, तातोपानी किंवा बेनीला मुक्काम, मग पोखरा, मग बॉर्डर. पोखऱ्यात परत लायनरची ॲडजस्टमेंट करा, एवढ्या उतारानं ते बरेच झिजलेले असतात. सुनौलीला भन्सारची पावती दाखवून, लागेल तो शिक्का घेऊन बाहेर पडा, कागद फेकू नका.

घरी आल्यावर आधी गाडी प्रेशरनं धुवायची आणि लगेच इंजिन ऑइल बदलायचं, किलोमीटर किती झाले ते बघू नका. चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलेलं असतं, ती काढून ग्रीस भरा, नाहीतर दोन महिन्यांनी खडखड सुरू होते. माझा एअर फिल्टर आमच्या मेकॅनिकनं झटकला तर फरशीवर करड्या धुळीची छोटी रांगोळी पडली, त्यानं ती बोटानं चोळून बघितली आणि म्हणाला, "दादा, हे आपल्याकडचं नाय." फिल्टर नवीन टाकला, चेनसेट नवीन टाकला, दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी आणायला गेलो.